हिरव्या गाडीचं बूच

ती गाडी विकत घ्यायची आणि त्यांच्याच फाटकासमोर गॅस कटर लावून तिचे तुकडे करायचे, हे मी फोन खिशात ठेवायच्या आत ठरवून टाकलं होतं.

फोटो पाठवला होता इंदूरच्या एका जुन्या गाड्यांच्या दलालाने. देवासला माझं लेथचं वर्कशॉप आहे. जुन्या गाड्यांचे बाजारात न मिळणारे पार्ट लोक माझ्याकडून घडवून नेतात, म्हणून असले फोटो मला येतच असतात. "दीदी, देखो क्या चीज़ है. धार में खड़ी है, चालीस साल से चली नहीं. टू-सीटर, स्पोर्ट्स." मी फोटो बोटांनी मोठा केला. लांब नाक, तारांची चाकं, उघडा टप, बाटलीच्या काचेसारखा हिरवा रंग, वर बोटभर धूळ आणि बॉनेटवर कुंकवाचं पुसट स्वस्तिक. नंबर वाचायची गरजच नव्हती. त्या बॉनेटखाली वाकून वाकून माझ्या वडिलांच्या पाठीला पोक आलं होतं.

"घ्यायची आहे," मी लिहून टाकलं. समोरून उत्तर आलं, "अरे, पहले देख तो लो!"

बघायचं काय? त्या गाडीने आमचं वाटोळं केलं होतं. गाडीने कसलं म्हणा, गाडीवाल्याने.

माझे पणजोबा धार संस्थानाच्या पागेत नालबंद होते. घोडे गेले, मोटारी आल्या, तसं आमचं घर मोटारींकडे वळलं. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. धारला एका सरदाराच्या बंगल्यावर ते फिटर होते. जीप, ट्रॅक्टर, विहिरीवरचं इंजिन, सगळं त्यांच्याच गळ्यात, पण जीव होता तो या हिरव्या विलायती गाडीत. गाडी थोरल्या मालकांची. त्यांचा मुलगा तेव्हा चाळिशीचा, त्याला बंगल्यात सगळे 'सरकार' म्हणायचे. संस्थान जाऊन किती वर्षं लोटली होती, पण त्या फाटकाच्या आत ही बातमी कोणी पोचवलेलीच नव्हती!

दादांची कामाची एक पद्धत होती. ती नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. इंजिनाच्या पोटाखाली तेलाचं भांडं असतं, त्याला आम्ही चेंबर म्हणतो. त्याच्या तळाला एक बूच. तेल बदलायचं तर ते काढायचं, जुनं तेल सोडायचं आणि परत आवळायचं. ते ढिलं राहिलं तर चालत्या गाडीचं तेल गळून जातं आणि कोरडं इंजिन बघता बघता जाम होतं. म्हणून दादा बूच आवळल्यावर त्याच्या डोक्यातल्या भोकातून बारीक तार ओवायचे आणि शेजारच्या बोल्टला पिळून बांधायचे. ते डावखुरे, त्यामुळे त्यांच्या तारेचा पीळ नेहमी उलटा. आणि तारेचं टोक आत दुमडलेलं, पणजोबा नालेचा खिळा दुमडायचे तसं, पुढच्या माणसाच्या बोटात जाऊ नये म्हणून. सगळ्या धारमध्ये असं दुसरं कोणी करत नव्हतं.

त्या वर्षी दसऱ्याच्या दोन दिवस आधी दादांनी हिरव्या गाडीचं तेल बदललं. दुसऱ्या दिवशी सरकार एका दोस्ताला शेजारी बसवून गाडी घेऊन गेले. थोरल्या मालकांची सक्त ताकीद होती की ही गाडी डांबरी सोडून कुठे न्यायची नाही. संध्याकाळी गाडी बैल जुंपून ओढत आणली. इंजिन जाम. सरकारांनी थोरल्या मालकांना सांगितलं, "तिरल्याच्या सरळ रस्त्यावर बंद पडली. बूच ढिलं होतं, सगळं तेल रस्त्यावर सांडलं." दादा म्हणाले, "मला एकदा खाली जाऊन बघू द्या." सरकारांनी गॅरेजला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

दसऱ्याला त्या बंगल्यात शस्त्रांबरोबर गाड्यांचीही पूजा व्हायची. जीप, मोठी गाडी, ट्रॅक्टर आणि ढकलत आणलेली हिरवी, सगळ्या ओळीने उभ्या, हार घातलेल्या. पूजा झाली की घरची माणसं एकमेकांना आपट्याची पानं देत, मग नोकर मालकांना देत. 'सोनं घ्या' म्हणायचं, पान हातावर ठेवायचं, वाकायचं. मी दहा वर्षांची, नवा फ्रॉक घालून दादांच्या मागे उभी. दादांनी थोरल्या मालकांना सोनं दिलं. त्यांनी मुकाट्याने घेतलं. मग दादा सरकारांपुढे आले आणि हात पुढे केला.

सरकारांनी आपला हात पाठीमागे नेला. "ज्या हाताला एक बूच आवळता येत नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्या हातचं सोनं नको."

कोणीतरी फिसकन हसलं. मग बरेच जण हसले. दादांचा हात तसाच पुढे. मी खालून बघत होते. मग त्यांनी मूठ मिटली आणि माझं मनगट धरून मला फाटकाबाहेर नेलं. घरी आईने ती मूठ उघडली तेव्हा आतल्या पानांचा चोथा झाला होता.

धार तेव्हा केवढंसं! आठ दिवसांत दादांचं नाव पडलं 'ढिला बूच'. एकही गॅरेजवाला त्यांना उभं करेना. शाळेत पोरी मला म्हणायच्या, "ए ढिल्या बुचाची!" एकीच्या मी झिंज्या उपटल्या, तर मास्तरणीने मलाच वर्गाबाहेर काढलं. शेवटी आम्ही देवासला आलो. तिथे एका कारखान्यात दादांना हेल्परचं काम मिळालं. बाजूच्या खोलीतून इंजिनाचा आवाज ऐकून व्हॉल्व्हची फट सांगणारा माणूस, लेथखालचा लोखंडाचा कीस झाडत होता. सुपरवायझर त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, "ओ भिया, उधर भी झाड़ू मार दो!" म्हणणारा. दादा मारायचे.

मी आयटीआयला फिटर ट्रेडला गेले ते कसल्या आवडीने नाही, निव्वळ रागाने. सगळ्या बॅचमध्ये मी एकटी मुलगी. लोक म्हणाले, पोरगी हात काळे करते. मी म्हटलं, करते! या घराच्या हाताला कोणी नाव ठेवलं ना, मग याच हाताने दाखवीन.

दादा आता ऐंशीच्या पुढे आहेत. दुपारी वर्कशॉपमध्ये खुर्ची टाकून बसतात. डोळे अधू झालेत, बोटं शाबूत. त्यांना एक खोड आहे. कुलूप लावलं की ओढून बघतील, चार पावलं जातील, परत येतील, पुन्हा ओढतील. गॅसच्या बटणाचं तर विचारूच नका. चहा झाला की बंद करतील, आणि चहा संपेपर्यंत तीनदा उठून बघून येतील. आम्ही चेष्टा करायचो. मला वाटायचं, वय झालं. आणि दसऱ्याला ते कोणाला सोनं देत नाहीत. कोणी आणून दिलं तर घेतात, कपाळाला लावतात, आणि हात खिशात घालून बसतात. ते का, हे मात्र मला ठाऊक होतं.

तर मी गाडी बघायला गेले. पितृपक्ष चालू होता. दादांना सांगितलं नाही. धारचं नावच काढलं नाही, म्हटलं, इंदूरला बेअरिंग आणायला जाते.

बंगल्याचा पुढचा भाग आता कोचिंग क्लासला भाड्याने दिलाय. सरकारांचा मुलगा गॅरेजपाशी उभा होता. पन्नाशीकडे झुकलेला, मऊ बोलणारा माणूस. मी कोण हे त्याला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. "ताई, देख लो आरामात. जैसी है वैसी आहे," तो म्हणाला. "बस, बाबांची एकच अट आहे. घेणारा असा पाहिजे जो हिला चालू करेल. त्यांचं आता काही खरं नाही. कहते हैं, मरने से पहले एक बार आवाज़ सुननी है."

"इतकी वर्षं का नाही चालू केली?" मी विचारलं.

"कोणाला हात लावू दिला नाही ना. एक नौकर होता म्हणे, त्याने बूच ढिलं ठेवलं आणि इंजिन घालवलं. बाबांना फार लागलं ते."

बाबांना लागलं! तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. म्हणजे ती गोष्ट या घरात अजून सांगितली जात होती. सुनेला, नातवंडांना, लोणच्याच्या बरणीसारखी पुढे पुढे सरकवली जात होती.  पिशवीतून टॉर्च आणि रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि कामाला लागले.

खोटं कशाला बोलू, पाचव्या मिनिटाला मी राग विसरले. चुंबक दारांवरून फिरवलं, सगळीकडे चिकटत होतं. म्हणजे पुट्टी भरलेली नाही, पत्रा खरा. खालचा पत्रा मात्र सडलेला, पायाशी दोन भोकं, त्यातून जमीन दिसत होती. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला. स्प्रिंगचे पाटे बसलेले, चाकांच्या निम्म्या तारा गंजलेल्या. पण चेसिस सरळ, नंबर जागच्या जागी, आणि डॅशबोर्डवरची घड्याळं सगळी शाबूत. माझ्या डोक्यात आपोआप यादी सुरू झाली: हे मी लेथवर करीन, ते इंदूरहून घासून आणीन, पत्रा नवा ठोकून घेईन. मग एकदम स्वतःचीच लाज वाटली. अगं बये, तू हिला कापायला आलीयेस!

"खाली बघायचंय," मी म्हटलं. "एखादं पोतं द्या."

"ताई, कपड़े खराब होतील."

"होऊ देत."

पोतं टाकून मी उताणी आत सरकले आणि टॉर्च लावला. आधी दिसली ती तार. बुचाच्या डोक्यातून निघालेली, बोल्टला बांधलेली, उलट्या पिळाची, टोक आत दुमडलेलं. चाळीस वर्षांची धूळ तिच्यावर बसली होती, पण तार जशीच्या तशी होती. मी ती जीभ दाताखाली धरून बघत राहिले.

मग टॉर्च पुढे नेला. चेंबरच्या पुढच्या अंगाला, समोरून वाकून हात घातला तर पोचेल अशा जागी, मोठा पोचा होता, दगडाने आल्यासारखा, आणि त्यात वीतभर चीर. त्या चिरेत काहीतरी कोंबलेलं होतं. बोट लावलं तर पापडासारखं कडक. रुमाल होता, कडेला सरदारांच्या घरचं रेशमी भरतकाम असलेला, आणि त्याच्याभोवती वाळलेला साबण. हा उपाय दादांचाच. ते सगळ्यांना शिकवायचे: चेंबरला दगड लागला तर चिरेवर ओला साबण चोळा, कपडा दाबा, इंजिन बंद करा आणि मला बोलवा. सरकारांनी पहिली दोन कामं केली होती. पुढची दोन मात्र केली नाहीत. गाडी डांबरी सोडून दगडांतून नेली, चेंबर फोडला, माझ्या बापाच्याच उपायाने बुजवायला बघितला, आणि नाही जमलं तेव्हा माझ्या बापालाच पुढे केलं.

आणि गंमत बघा. हा सगळा पुरावा तिथेच लटकत होता, चाळीस दसरे. दर वर्षी बॉनेटला हळदकुंकू, हार, नारळ, आणि खाली हे. ती तार तोडून फेकायला सरकारांना पाच मिनिटं पुरली असती. पण त्यासाठी जमिनीला पाठ टेकावी लागते, आणि त्या घरात ती कोणी कधी टेकलेली नव्हती. दुसऱ्या कोणाला खाली पाठवावं, तर त्याला कळणार. म्हणून कुलूप. लोकांना वाटलं, दुःख.

मी बोल्टच्या बाजूने तार कापली, बुचाकडचा पीळ आणि दुमडलेलं टोक तसंच ठेवलं, आणि बुचाला पाना लावला. हलेना. पान्यावर पाइप चढवला, पाय टायरला लावून ओढलं, तेव्हा कुठे कर्रर करून फिरलं. ढिलं म्हणे! तेलाचा एक थेंब पडला नाही. रुमालाला मी हात लावला नाही, राहू दे म्हटलं तिथेच. बूच खिशात घातलं.

"तपासायला नेते," मी बाहेर येऊन म्हटलं. "गाडी मी घेणार. तुम्ही म्हणाल त्या भावाने."

त्याचा चेहरा उजळला. "मग दसऱ्याला व्यवहार करू, ताई. अभी श्राद्ध चल रहे हैं, बाबा ऐकणार नाहीत. दसऱ्याची पूजा झाली की घेऊन जा."

"दसऱ्यालाच करू," मी म्हटलं. हसू दाबताना माझे गाल दुखले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्कशॉपमध्ये मी दादांच्या डाव्या हातावर ते बूच ठेवलं. "ओळखा," म्हटलं. मला वाटलं होतं ते हसतील, शिवी देतील, म्हणतील, मी सांगत नव्हतो का! दादांनी आधी बुचाचं वजन घेतलं. मग अंगठा तारेवर आला, पिळावरून उलटा गेला, दुमडलेल्या टोकापाशी थांबला. परत मागे गेला. तीनदा, चारदा.

"कुठे मिळालं?"

"हिरव्या गाडीला. जिथे होतं तिथेच. पाइप लावून काढावं लागलं, एवढं घट्ट."

त्यांनी बुचावर मूठ मिटली. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मी बांधलं होतं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी समजत होते, दादांना स्वतःबद्दल खात्री आहे, फक्त गिळून बसलेत. त्यांना नव्हती! चाळीस वर्षं त्यांना वाटत होतं की त्या दिवशी आपणच विसरलो असू. ते कुलूप ओढणं, ते गॅसच्या बटणापाशी परत परत जाणं, आम्ही हसायचो ते. नोकरी गेली, गाव सुटलं, त्याचा हिशेब मी मांडला होता. पण या माणसाला स्वतःच्या हाताचाच भरवसा उरला नव्हता, हे मी कधी धरलंच नव्हतं. मी लेथच्या आड जाऊन रडले. मग तोंड धुऊन आले आणि चीर, साबण, रुमाल, सगळं सांगितलं.

"दसऱ्याला गाडी आणते," मी म्हणाले. "फाटकासमोर कापते. तुम्ही खुर्चीवर बसून बघा."

"मी येतो," दादा म्हणाले. "आधी सोनं देऊ." आणि बूच त्यांनी आपल्या खिशात टाकलं.

दसऱ्याला आम्ही सकाळीच देवास सोडलं. दादांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि काळी टोपी. रस्ताभर त्यांचा डावा हात खिशात होता. बंगल्यात हिरवी गाडी पुसून अंगणात ढकलून आणली होती, बॉनेटवर नवं कुंकू, झेंडूचा हार. ओळीत शेजारी मुलाची गाडी आणि भाडेकरूंच्या दोन मोटरसायकली. व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीत सरकार. वाळून गेले होते, पण नाक तेच. सून, भाडेकरू, शेजारपाजारचे मिळून दहाबारा माणसं.

"नमस्कार, काका," मी म्हटलं. त्या घरात त्यांना कोणी काका म्हटलं नसावं. त्यांनी भुवया उचलल्या. "यांना ओळखलंत का? तुमचे जुने फिटर. मी त्यांची मुलगी."

मुलगा दचकून माझ्याकडे बघायला लागला. सरकार दादांकडे बघत राहिले, आणि मग चक्क हसले. "अरे, तू? जिवंत आहेस का अजून! जाऊ दे रे, झालं गेलं. मी मनात ठेवलेलं नाही."

मनात ठेवलेलं नाही! मी तोंड उघडलं, पण दादांनी हाताने मला थांबवलं. ते पायरी चढले आणि खुर्चीपुढे उभे राहिले.

"सरकार, सोनं घ्या."

या वेळी सरकारांनी आपणहून हात पसरला. दादांनी त्यावर बूच ठेवलं.

सरकारांना आधी समजेना. मग त्यांचा अंगठा तारेला लागला. हसू गेलं. हात मागे घ्यायला लागले. दादांनी घेऊ दिला नाही. दोन्ही हातांनी तो हात धरला, बुचासकट, आणि घट्ट मिटवला. फिटरची पकड आहे ती, ऐंशीतही.

"काय आहे ते, बाबा?" सुनेने विचारलं.

"सांगा त्यांना," दादा म्हणाले. "तार कोणाची?"

सरकार इकडेतिकडे बघत होते. "तुझी," शेवटी म्हणाले.

"बूच ढिलं होतं की घट्ट?"

"सोड हात."

"ढिलं की घट्ट?"

"घट्ट."

"मोठ्याने सांगा. तेव्हा मोठ्याने सांगितलं होतं."

"घट्ट होतं!" सरकार ओरडले. आवाज फाटला. भाडेकरू पुढे सरकले.

"चिरेतला रुमाल अजून तिथेच आहे," दादा मुलाकडे न बघता म्हणाले. मुलगा सिल्कच्या कुडत्यात होता. तो तसाच गेला, गाडीपाशी उताणा झाला, आणि मोबाइलचा उजेड लावून आत शिरला. त्या घरातला गाडीखाली गेलेला हा पहिला माणूस. बाहेर आला तेव्हा कुडत्याची पाठ काळी झाली होती आणि तो वडिलांच्या तोंडाकडे बघत नव्हता.

"दगड लागला होता," सरकार म्हणाले, कोणी न विचारता. "आमच्या वडिलांना काय सांगणार होतो मी?"

दादांनी हात सोडला. "बूच राहू द्या तुमच्याकडे. दिलेलं सोनं परत घेत नाहीत."

मग ते पायरी उतरून हिरव्या गाडीपाशी गेले. बॉनेटची कडी कुठे आहे हे त्यांच्या बोटांना माहीत होतं. उघडलं, वाकले, हात आत घालून कुठे कुठे फिरवला.  मी अगदी खरं सांगते, त्या क्षणी मला ती गाडी हवी होती. कापायला मुळीच नाही. मला ती चालवायची होती, दादांना शेजारी बसवून, सगळ्या धारमधून.

"बेअरिंग गेलेत," दादा म्हणाले. "ब्लॉक वाचेल. तीन महिन्यांचं काम."

"म्हणजे घ्यायची?" मी विचारलं. मुलगा कागदांची फाइल धरून उभा होता. व्हरांड्यात खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला. सरकार ऐकत होते, मान लांब करून.

दादांनी बॉनेट बंद केलं. त्यावरचं विस्कटलेलं फूल सरळ केलं. "नाही," म्हणाले. "चल."

परतीच्या वाटेवर घाटाबिल्लोदला चहाला थांबेपर्यंत मी दम धरला. मग माझा बांध फुटला. म्हटलं, दादा, कापायची नाही हे कबूल, पण एवढं सगळं झाल्यावर, सगळ्यांसमोर त्यांच्या तोंडून वदवून घेतल्यावर, आता घेतली असती तर काय बिघडलं असतं?

"तू घेतलीस तर मी ती नीट करेन," दादा म्हणाले. "माझ्याने राहवणार नाही. आणि नीट झाली की तिचा आवाज होईल. त्यांना तोच ऐकायचाय."

 चाळीस वर्षं घरात रागीट मी आणि सोशिक ते, असं सगळे म्हणत आले. मला सूड घ्यायला गॅस कटर लागणार होता. त्यांना एक नाही म्हणणं पुरलं.

त्या संध्याकाळी शेजारचे लोक सोनं घेऊन आले तेव्हा दादा आपणहून उठले आणि प्रत्येकाच्या हातावर पान ठेवलं. मला दिलं ते मी अजून पाकिटात जपून ठेवलंय.

सरकारांचा मुलगा आता महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतो. माणूस वाईट नाही, माफीही मागून झालीये. परवा पुन्हा फोन आला. "ताई, बिना चालू इंजन के कोई हाथ नहीं लगाता. सगळे म्हणतात, देवासच्या मॅडमच करू शकतील. बाबा रोज विचारतात, गाडी कधी चालू होणार. ते बूच उशाशी घेऊन झोपतात. प्लीज़, एक बार सोचो."

मी दादांना सांगितलं. ते ओट्यापाशी चहा गाळत होते. सगळं ऐकून घेतलं.

"विचारू देत," ते म्हणाले. गॅसचं बटण एकदा फिरवलं, कप उचलला, आणि मागे वळून न बघता बाहेर जाऊन बसले.